प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: फवारणी, लेबल क्लेम आणि रेसिड्यू

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी औषधांच्या परवानगीचे आणि रेसिड्यूचे, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचे, प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. औषध कोणत्या पिकावर फवारायचं हे ठरवणारं खातं वेगळं आणि फळात त्याचा किती अंश चालेल हे ठरवणारं वेगळं. पहिलं काम १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादची नोंदणी समिती करते. तिने मंजूर केलेलं पीक बाटलीवर छापलं जातं, तोच लेबल क्लेम. दुसरं काम, म्हणजे एमआरएल (अंशाची कमाल मर्यादा) ठरवणं, देशात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे आहे आणि माल बाहेर गेला की त्या त्या देशाकडे. एकीकडून होकार मिळाला म्हणून दुसरीकडून मिळेलच असं नाही.

आंबे बहारात (डाळिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीत धरायचा हंगाम) फुलकिडे आणि माव्यासाठी आम्ही थायामेथोक्झाम फवारतो, कधी ड्रिपमधूनही सोडतो. दुकानदार म्हणतो बंदी नाही, निर्यातदाराचा माणूस म्हणतो युरोपला आता चालणार नाही. खरं कोणाचं?
— डाळिंब उत्पादक, सांगोला

दोघांचंही. भारतात थायामेथोक्झामवर बंदी नाही. पण युरोपीय संघाने २०२३ च्या ३३४ क्रमांकाच्या नियमाने थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या दोन्हींच्या मर्यादा बहुतेक फळं-भाज्यांसाठी ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणल्या, आणि हा नियम लागू होण्याची तारीख ७ मार्च २०२६ आहे. कारण खाणाऱ्याच्या तब्येतीचं नाही, मधमाश्यांचं आहे. युरोपात मोकळ्या शेतात ही औषधं २०१८ पासूनच बंद आहेत. आता बाहेरून येणाऱ्या मालालाही तोच न्याय.

०.०१ म्हणजे किती, याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. एकरी १० टन माल धरला तर त्या सगळ्या फळांत मिळून ०.१ ग्रॅम. तुम्ही २५ टक्के डब्ल्यूजी ०.३ ग्रॅम प्रति लिटरने ४०० लिटर पाण्यातून फवारलं, तर १२० ग्रॅम पावडर गेली, म्हणजे ३० ग्रॅम मूळ औषध. त्यातला तीनशेवा भाग फळात उरला की मर्यादा संपली.

ड्रिपमधून सोडणं त्याहून अडचणीचं. औषध मुळावाटे रसाबरोबर वर चढतं, त्यामुळे पावसाने धुऊन जाण्याचा किंवा उन्हाने उडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय झाडात आणि मातीत थायामेथोक्झामचं क्लोथियानिडिन होतं आणि ते जमिनीत महिनोन्‌महिने टिकतं. म्हणून ज्याने क्लोथियानिडिनची पुडी आयुष्यात आणलेली नाही त्याच्याही रिपोर्टमध्ये ते नाव येतं. युरोपला माल द्यायचा ठरलेल्या बागेत ही दोन्ही औषधं विश्रांतीच्या काळातही नकोत, ड्रेंचिंग, म्हणजे बुंध्याशी ओतणं, तर नकोच. जोडऔषधं जास्त फसवतात: थायामेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन एकत्र असलेली बाटली वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळते. नाव न बघता खालचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी वाचा.

आता दुकानदाराच्या 'बंदी नाही'कडे. बंदी नसणं आणि डाळिंबावर लेबल क्लेम असणं या दोन गोष्टी आहेत. पुडीवरच्या पिकांच्या यादीवर बोट ठेवून वाचा. कापूस, भात, भेंडी, आंबा दिसतील. डाळिंब दिसलं नाही तर ती फवारणी लेबलबाहेरची. ज्या पिकासाठी मर्यादा ठरवलेलीच नाही त्याला एफएसएसएआयही ०.०१ च लावते. म्हणजे 'युरोपला नाही तर मुंबईला पाठवू' हा मार्ग वाटतो तितका मोकळा नाही. मुंबईत तपासणी क्वचित होते एवढाच फरक, आणि त्यावर बहार लावू नये.

निर्यातीसाठी अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) अनारनेट या ऑनलाइन यादीत बागेची नोंद तालुका कृषी कार्यालयातून होते. बहार धरायच्या आधी निर्यातदाराकडून चालणाऱ्या औषधांची यादी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर आली तरी चालेल, पण तारखेसह.

एका कीटकनाशकाचा अंश ०.०१४ आला आणि माल नाकारला. डाळिंबाची साल कोणी खात नाही, मग सालीसकट का तपासतात? आणि नमुना नेमका कसा काढायचा?
— डाळिंब उत्पादक, माळशिरस

नियम देठ काढून अख्खं फळ तपासण्याचा आहे. मर्यादा ठरवताना जे प्रयोग होतात तेही अख्ख्या फळावरच होतात, त्यामुळे निव्वळ दाण्यांचा आकडा त्या मर्यादेशी लावून चालत नाही. स्पर्शजन्य औषध सालीवर राहतं आणि सगळ्यात जास्त अडकतं ते फळाच्या मुकुटात, जिथे फवाऱ्याचं पाणी साचून वाळतं.

०.०१४ बद्दल. युरोपात सरकारी कारवाई करताना मोजमापातली अनिश्चितता ५० टक्के धरतात. ०.०१४ मधून निम्मे गेले की ०.००७ उरतात आणि ते मर्यादेच्या आत आहे. सरकारी हिशेबाने असा माल अडकू नये. पण निर्यातदार ही सूट वापरत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. तुमच्या नमुन्यात ०.०१४ निघालं त्याच बागेतल्या दुसऱ्या दहा फळांत बंदरावर ०.०२१ निघू शकतं, आणि तेव्हा सगळा कंटेनर अडकतो.

नमुन्यात होणाऱ्या चुका बहुतेक हातातल्याच असतात. किमान १० फळं आणि किमान २ किलो वजन घ्या. प्लॉटमधून नागमोडी चालत वेगवेगळ्या झाडांवरून तोडा; बांधाच्या आणि रस्त्याकडेच्या ओळी सोडा. झाडाच्या बाहेरून, आतून, वरून, खालून, असं मिसळून घ्या. ज्या बाजूने ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) फिरतो त्याच बाजूची चकचकीत फळं निवडली तर आकडा वाढूनच येणार. फळ धुवायचं नाही, पुसायचंही नाही. त्या दिवशी औषधाला हात लावलेल्या माणसाने तोडू नये. प्रत्येक फळ कोऱ्या कागदात गुंडाळून नव्या पिशवीत भरा. खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी धुऊनसुद्धा नको. वर प्लॉट नंबर, वाण, तोडणीची तारीख आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहा. सोबत बहारभर वापरलेल्या औषधांची तांत्रिक नावं द्या. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी, आणि तुम्हाला ज्या औषधाची शंका आहे ते तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का हे आधी विचारा. यादीत नसलेलं औषध रिपोर्टमध्ये दिसणारच नाही आणि तुम्ही समजाल की माल स्वच्छ आहे. नमुना त्याच दिवशी पोचवा आणि त्यानंतर त्या प्लॉटमध्ये फवारणी बंद. रिपोर्ट आल्यावर 'शेवटचा एक हात' मारणारे दरवर्षी भेटतात.

डाळिंबावरच्या तेल्यासाठी (जिवाणूजन्य करपा) स्ट्रेप्टोसायक्लिन मारायचं की नाही? कोणी म्हणतं बंद झालं, कोणी म्हणतं अजून मिळतंय.
— मोहोळ

स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. १ फेब्रुवारी २०२२ पासून आयात-उत्पादन थांबवावं आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद व्हावा असं त्यात होतं. पण डाळिंबवाल्याने या तारखांकडे बघायचं कारणच नाही. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे या दोन्हींचं मिश्रण, आणि त्याची नोंदणी बटाटा, टोमॅटो, भात, लिंबूवर्गीय, सफरचंद अशा आठ पिकांवर होती आणि त्यात डाळिंब कधीच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावरही वापरतात, आणि शेतात जंतू त्याला सरावले तर दवाखान्यात ते निकामी होतं, ही त्या मसुद्यामागची काळजी.

केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा भर पहिल्यापासून स्वच्छता आणि बोर्डोवर आहे. तोडणी झाली की बागेला पूर्ण विश्रांती द्या. रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच निरोगी भागात कापा, दर झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, कापाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा. गळालेली पानं-फळं बांधावर टाकू नका, जाळा. तोडणीनंतर १ टक्का बोर्डो फवारा: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, मग एकत्र. घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. बहारात ०.५ टक्के पुरे. चुना कमी पडलेलं मिश्रण कोवळी पानं आणि फळांची साल भाजतं, मग तेल्या परवडला म्हणायची वेळ येते. ज्यांच्याकडे तेल्या हटत नाही त्यांनी मृगाऐवजी (पावसाळी) हस्त (पावसाळा संपताना धरायच्या) बहाराचा विचार करावा.

द्राक्षाच्या रिपोर्टमध्ये असं औषध आलं जे आम्ही दुकानातून कधी आणलंच नाही. लॅबची चूक असेल का?
— कासेगाव, ता. पंढरपूर

लॅबची चूक शेवटी धरा. आधी तीन जागा तपासा.

पहिली जागा टॉनिक. 'शंभर टक्के सेंद्रिय', 'रेसिड्यू फ्री', आणि वर 'थ्रिप्सही जातात' असं तोंडी सांगितलेली बाटली. समुद्री शेवाळाच्या अर्काने थ्रिप्स दोन दिवसांत साफ होत नाहीत. झाले असतील तर आत काहीतरी मिसळलेलं आहे. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव उत्तेजकं, म्हणजे बायोस्टिम्युलंट, खत नियंत्रण आदेशाखाली आणली, आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (मिलिग्रॅम प्रति किलो) जास्त असू नये अशी अट घातली. तात्पुरत्या परवानगीवर विकल्या जाणाऱ्या उत्पादनांची मुदत १६ जून २०२५ ला संपली. आता बाटलीवर आदेशाखाली मंजूर झालेलं नाव, घटकांचं प्रमाण, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच आणि अंतिम तारीख हवी, आणि त्याचं पक्कं बिल हवं. यातलं काही नसेल तर फुकट मिळालं तरी निर्यातीच्या बागेत नको. वापरत असलेल्या प्रत्येक बॅचची एक बाटली सील न तोडता ठेवा. वाद झाला तर तीच लॅबला देता येते; अर्धी वापरलेली बाटली कोणी मानत नाही.

दुसरी जागा पंप. ६०० लिटरच्या ब्लोअरच्या तळाला आणि नळ्यांत ५ लिटर जुनं द्रावण राहिलं, आणि ते पहिल्या उत्तरातल्या थायामेथोक्झामच्या प्रमाणातलं असेल, तर त्यात मूळ औषध ०.३७५ ग्रॅम. १० टनांची परवानगी ०.१ ग्रॅमची. सगळं फळावर जात नाही हे खरं, पण तोडणी जवळ आली असताना एवढंही पुरतं. भाड्याचा ब्लोअर आला की त्याने काल कुठे आणि काय मारलं हे विचारायला लाजू नका. टाकी रिकामी करून स्वच्छ पाण्याने तीन वेळा, दर वेळी नोझलमधून पाणी बाहेर सोडून धुवा, आणि गाळण्या काढून वेगळ्या धुवा. गाळ तिथेच बसलेला असतो.

तिसरी जागा शेजारचा ऊस. टू-फोर-डीला द्राक्षवेल फार हळवी आहे. त्याचं इथाइल एस्टर उन्हात उडतं आणि फवारणी झाल्यावरही वाऱ्याबरोबर येतं. अमाइन सॉल्ट त्या मानाने कमी उडतं. पानं पंख्यासारखी आखडली आणि शिरा समांतर झाल्या की समजायचं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरची कोवळी फूट लगेच दाखवते. तणनाशकाचा पंप द्राक्षात कधीच नाही, तो लाल रंगाने रंगवून वेगळा टांगा.

संजीवकांकडेही (वाढीवर परिणाम करणारी रसायनं) औषध म्हणूनच बघा. २०१० मध्ये भारतीय द्राक्षं युरोपात अडकली ती कुठल्या कीटकनाशकाने नाही, क्लोरमेक्वाट क्लोराइडने, ज्याला आपण सीसीसी म्हणतो. आता ते तपासणीच्या यादीत असतं. दर हंगामात निघणारं परिशिष्ट-५, म्हणजे द्राक्षासाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यातला काढणीपूर्व कालावधी बाटलीवरच्यापेक्षा जास्त असेल तर जास्तीचा पाळा. बाटलीवरचा देशातल्या मर्यादेसाठी असतो.

निर्यातीला न गेलेल्या द्राक्षाचा बेदाणा केला तर रेसिड्यूचा प्रश्न मिटतो का?
— पंढरपूर

उलट वाढतो. साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो. पाणी जातं, टिकाऊ औषध जात नाही. ताज्या द्राक्षात ०.३ असलेलं बेदाण्यात १.२ पर्यंत जाऊ शकतं. काही औषधं वाळताना उडतात, काही नाही. युरोपात ताज्या फळाची मर्यादा बेदाण्याला लावताना हे घट्ट होणं हिशेबात घेतात, पण म्हणून मूळ द्राक्ष मर्यादेबाहेरचं असेल तर बेदाणा सुटत नाही.

डिपिंगकडे लक्ष द्या. प्रति लिटर २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात मणी बुडवले की त्यांच्यावरचं औषध थोडं द्रावणात उतरतं. तेच द्रावण दिवसभर चालवलं तर पहिल्या प्लॉटचं औषध शेवटच्या प्लॉटच्या घडांना लागतं. स्वच्छ प्लॉट आधी बुडवा, शंकेचा शेवटी, आणि प्लॉट बदलताना द्रावण बदला.

रब्बी ज्वारीवर मॅलेथिऑन, क्विनॉलफॉस नेहमी मारत आलो. आता चालत नाही असं ऐकलं.
— मंगळवेढा

बरोबर ऐकलं. केंद्राच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल पूर्ण बंद झाली, आणि काही औषधं चालू राहिली पण त्यांच्या लेबलवरची पिकं कमी झाली. ज्वारीवरून तीन गेली: मॅलेथिऑन, क्विनॉलफॉस आणि मॅन्कोझेब. दुकानात ती दिसतात कारण इतर पिकांवर ती अजून आहेत. त्याच आदेशात मॅलेथिऑन द्राक्ष, टोमॅटो, वांगी, भेंडी, सोयाबीन, सूर्यफुलावरून, क्लोरपायरिफॉस बोर आणि लिंबूवर्गीयांवरून, आणि डायमेथोएट कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळं-भाज्यांवरून गेलं. कार्बोफ्युरॉनचा फक्त ३ टक्के दाणेदार प्रकार राहिला. बोरवाले तुमच्या तालुक्यात बरेच आहेत, त्यांनाही सांगा.

ज्वारीत कडब्याचा विचार आधी करा, कारण फवारलेली चिपाडं जनावर खातं. मावा आणि चिकटा दिसला की लगेच पंप काढण्याआधी मावा खाणारे ढालकिडे किती आहेत ते बघा. काणीसाठी (कणसातल्या दाण्यांचा बुरशीजन्य रोग) फवारणीची गरज नाही. पेरणीआधी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळलं की झालं.

घरगुती काळा मसाला विकतो. मिरचीच्या रेसिड्यूची मर्यादा वाढवली म्हणतात, ती आम्हाला लागू आहे का?
— सोलापूर शहर

एफएसएसएआयने ८ एप्रिल २०२४ च्या आदेशाने मसाल्यांत, भारतात नोंदणी नसलेल्या औषधांसाठी ०.०१ ऐवजी ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा केली. नोंदणी असलेल्या आणि मिरचीसाठी मर्यादा ठरलेल्या औषधांना ती सूट नाही. युरोप या आदेशाला बांधील नाही. मिरची एकाच शेतकऱ्याकडून, फवारणीच्या नोंदीसह घेतलीत तर तपासणीवरचा खर्च बराच वाचेल.

औषध बोगस निघालं तर तक्रार कशी करायची? दुकानदार जुना मोनोक्रोटोफॉसही 'शेवटचा साठा' म्हणून देतोय.
— अक्कलकोट

मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलही २०२३ च्या त्याच आदेशात गेलं. शेवटचा असो की पहिला, घेऊ नका. भाजीपाल्यावर तर ते कितीतरी आधीपासून बंद आहे.

तक्रारीसाठी तीन गोष्टी लागतात: बॅच नंबर लिहिलेलं बिल, सील असलेली त्याच बॅचची बाटली आणि फवारणीच्या तारखेची नोंद. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कीटकनाशक निरीक्षक दुकानातल्या त्याच बॅचचा नमुना काढून तीन भाग करतो. एक भाग विक्रेत्याकडे, एक विश्लेषकाकडे आणि एक न्यायालयासाठी राहतो. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तुम्ही फोडलेल्या बाटलीतून नमुना घेतला जात नाही, म्हणून अर्ज उशिरा गेला आणि तोवर दुकानातली बॅच संपली की प्रकरण तिथेच थांबतं. औषधाचा गुण आला नाही असं वाटलं त्याच आठवड्यात जा.